क्राऊन-पिनियन गेलंय आणि टोमॅटोचा सीझन ऐन भरात

पत्र: नमस्कार काका, मी ओतूरजवळचा, वय २८. माझी दीड टनी पिकअप आहे, सेकंडहँड घेतली त्याला तीन वर्षं झाली. टोमॅटो भरून माळशेज घाटाने वाशी मार्केटला जातो, आठवड्याला पाच फेऱ्या, एका वेळी ११० कॅरेट. दीड महिन्यापासून मागून रौं रौं आवाज येतोय. आधी ऐंशीच्या पुढे यायचा, आता पन्नासलाच येतो, आणि ॲक्सिलेटर सोडला की जास्त. आठ दिवसांपासून गिअर टाकून क्लच सोडला की मागे कट्ट असा ठोका बसतो. गावातल्या मेकॅनिकने मागच्या गोळ्याचा, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या डब्याचा (डिफ्रेन्शियलचा), ड्रेन प्लग खोलला तर ऑईल जेमतेम लिटरभर निघालं, चंदेरी झालेलं, आणि प्लगच्या चुंबकाला तांदळाच्या दाण्याएवढे दोन तुकडे चिकटलेले. तो म्हणतो क्राऊन-पिनियनचा (गोळ्यातला मोठा दातेरी गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा) नवीन सेट आणि सगळी बेअरिंग, मजुरीसकट ३८ हजार. दुसरा म्हणतो नुसता पिनियन आणि दोन बेअरिंग टाकू, १६ हजारात काम. मेव्हणा म्हणतो कुर्ल्यातून अख्खा जुना गोळा आणू, २० हजार. वडील म्हणतात जाड ऑईल टाक आणि एवढा सीझन काढ. गाडीचा हप्ता १४,६०० आहे, फेरीमागे सगळं जाऊन दोन-सव्वादोन हजार सुटतात. काय करू? जाता जाता सांगतो, मार्चमध्ये मागचा डावा टायर फुटला म्हणून तो एकच नवीन टाकला. आणि जूनमध्ये एकदा ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढावी लागली होती, पण त्याचा काही संबंध नसेल.

उत्तर:

लेका, सगळ्यात आधी गाडी उभी कर. हे वाचतोयस तेव्हा गाडीत माल भरलेला असेल तर तो दुसऱ्याच्या गाडीत टाक आणि मग पुढचं वाच, मी थांबतो.

वडिलांचा मान ठेवून सांगतो, त्यांचा सल्ला ह्या वेळी ऐकू नकोस. आवाज असता नुसता तर मीही म्हणालो असतो की बघ बाबा, ऑईल बदल, लोड कमी कर, महिनाभर जपून चालव. नुसत्या आवाजावर गाड्या वर्ष-वर्ष चालतात, मी बघितल्यात. पण तुझ्या चुंबकाला तुकडे मिळालेत. चुंबकावर काळपट-करडी मळी बसते ती सगळ्याच गाड्यांना बसते, लोखंड लोखंडावर घासलं की तेवढा भुगा होणारच, त्याला घाबरायचं नसतं. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा म्हणजे मात्र भुगा नव्हे, कुठल्यातरी दाताचा टवका उडालाय नाहीतर बेअरिंगचा रोलर नाहीतर त्याचा पिंजरा फुटलाय. आणि दोन सापडले म्हणजे दोनच आहेत असं नाही, हे दोन चुंबकापर्यंत पोचले इतकंच.

आता हे तुकडे आत फिरतायत आणि तू माल भरून माळशेज उतरतोयस. ओतूरवरून वाशीला जाताना भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते. उतरताना तू तिसऱ्या नाहीतर दुसऱ्या गिअरला इंजिनवर गाडी धरत असशील, धरायलाच पाहिजे, ते बरोबरच आहे. पण त्या वेळी जवळपास अडीच टनाचा माल आणि वर गाडीचं वजन हे सगळं ढकलतंय कोणाला, तर क्राऊनच्या दातांच्या उलट्या बाजूला. तुझा आवाज ॲक्सिलेटर सोडल्यावर वाढतो म्हणालास ना, तो त्याच बाजूचा. ॲक्सिलेटर दिल्यावर दाताची एक बाजू काम करते, सोडल्यावर दुसरी. सोडल्यावर आवाज वाढतो तेव्हा बऱ्याचदा पिनियनचं पुढचं बेअरिंग ढिलं झालेलं असतं नाहीतर पिनियनचा नटच सैल असतो, आणि मग सोडलं की पिनियन क्राऊनच्या आत ओढला जातो. एखाद्या दिवशी तो नको तितका आत जाईल किंवा एखादा तुकडा दोन दातांच्या मध्ये सापडेल, आणि मग दोनपैकी एक होतं. एक तर दात साफ झडतात, म्हणजे इंजिनने गाडी धरलीच नाही, सगळा भार ब्रेकवर, तेही आधीच तापलेले. नाहीतर गोळा जाम होतो आणि मागची दोन्ही चाकं चालत्या गाडीत लॉक होतात. पावसात, धुक्यात, धबधब्याखाली फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत. पुढचं मी सांगायला नको.

जाड ऑईलचं म्हणशील तर १४० नंबरचं ऑईल टाकलं की आवाज दबतो हे खरंय. जुनी गाडी विकणारे काही जण तर गोळ्यात लाकडाचा भुसा टाकायचे, गिऱ्हाईक ट्रायल घेऊन जाईपर्यंत गाडी एकदम शांत. आवाज दबला म्हणून दात परत उगवत नाही.

बरं आता गाडी गॅरेजला न्यायची कशी, कारण इथेच पुष्कळ जण चुकतात. लोक काय करतात, मागचा गोळा गेला म्हणून मधला शाफ्ट, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, काढतात आणि गाडी दोरीने ओढत नेतात. अरे पण चाकं फिरली की एक्सल फिरतो, एक्सल फिरला की क्राऊन फिरतो आणि क्राऊन फिरला की पिनियन फिरतोच, शाफ्ट असो नसो. शाफ्ट काढून गिअरबॉक्स वाचतो, गोळा नाही. तुझ्या मागच्या हबच्या तोंडावर मधोमध गोल फ्लँज आणि त्याला बोल्टांची रिंग दिसत असेल तर ते बोल्ट काढून एक्सल शाफ्ट बाहेर खेचता येतो, चाक आपल्या बेअरिंगवर हबवर उभंच राहतं. दोन्ही बाजूंचे शाफ्ट काढ, भोकावर पत्रा नाहीतर स्वच्छ फडकं घट्ट बांध, मग गाडी ओढून ने, गोळा आत गपचूप बसून राहील. तसं दिसत नसेल, म्हणजे चाक एक्सललाच बोल्ट केलेलं असेल, तर हे अजिबात करायचं नाही कारण शाफ्टबरोबर चाकही बाहेर येईल, तेव्हा मागची बाजू उचलणारी क्रेन नाहीतर फ्लॅटबेडच बोलव. इन्शुरन्सबरोबर रोडसाईड असिस्टन्स घेतला असशील तर त्यात टोईंग बसतं का ते विचार. बाकी क्लेमच्या मागे लागू नकोस, मेकॅनिकल ब्रेकडाऊन आणि झीज साध्या मोटर पॉलिसीत धरत नाहीत, एजंट काहीही बोलू दे.

आता तुझे तीन भाव. १६ हजारवाला पर्याय मी पहिला कापतो. नुसता पिनियन कधीच बदलायचा नसतो. क्राऊन आणि पिनियन हे कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, त्यांच्यावर जोडीचा नंबर कोरलेला असतो, दोघांवर तोच नंबर. नवीन पिनियन जुन्या क्राऊनवर बसवला तर तो दुसऱ्याच्या झिजलेल्या चपला घातल्यासारखा चालतो, पहिल्या दिवसापासून रडतो आणि काही महिन्यांत दोघेही जातात. तो मेकॅनिक वाईट माणूस असेल असं मी म्हणत नाही, गिऱ्हाईकाच्या खिशाकडे बघून असे भाव दिले जातात, पण ह्यात तुझे १६ हजार जातील आणि पुढे ३८ परत लागतील. कोणी स्पायडर गिअर, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे आतले छोटे गिअर, वेल्डिंग करून लॉक करून देतो म्हणाला तर त्याच्या गॅरेजातून चहा न पिता निघ.

कुर्ल्याचा जुना गोळा. ह्याला मी सरसकट नाही म्हणणार नाही. ॲक्सिडेंट होऊन पुढून चेपलेल्या गाडीचा मागचा गोळा कधीकधी अगदी ठणठणीत असतो, आणि कंपनीत सेट झालेला गोळा न खोलता तसाच मिळाला तर कुठल्याही गॅरेजच्या सेटिंगपेक्षा तो बराच. पण मेव्हण्याला एकट्याला पाठवू नकोस, तू जा, आणि हाताने बघून घे. पिनियनचं पुढचं तोंड, जिथे शाफ्टचा जॉइंट बसतो, ते दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलव. किंचितही हललं तर तो गोळा तिथेच ठेव. गोल फिरवताना मात्र दोन दातांमधला बारीकसा प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवणार, तो हवाच. दात निळसर पडलेले असतील तर तो गोळा ऑईलविना तापलाय. आत गंज किंवा दुधासारखं ऑईल दिसलं तर पुराच्या पाण्यातली गाडी समज. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेशो. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षांना, वेगवेगळ्या मॉडेलांना वेगळा रेशो असू शकतो, बाहेरून गोळा सेम दिसतो आणि बसतोही. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. समज क्राऊनला ४१ आणि पिनियनला ९, तर ४.५५. त्याच्या जागी ४१ आणि १० वाला, म्हणजे ४.१ चा आणून बसवलास तर रिकामी गाडी छान पळेल आणि भरलेली कुठल्याही चढाला धापा टाकेल, क्लच जळेल तो वेगळा.

स्वतःच्या गाडीचा रेशो गोळा न खोलता कळतो, ही माझी आवडती ट्रिक आहे. एक्सल शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्ट जागेवर असतानाच करायचं हं. गाडी सपाटीला, पुढच्या चाकांना दगड, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक काढलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचल, खाली घोडी (आधाराचा स्टँड) लाव, दुसरं जमिनीवर राहू दे. उचललेल्या चाकावर आणि मधल्या शाफ्टवर खडूची खूण कर. आता चाकाच्या बरोबर दोन फेऱ्या हाताने फिरव आणि शाफ्ट किती वेळा फिरला ते मोज. साडेचार आणि वर किंचित आला तर ४.५५, चार आणि वर किंचित आला तर ४.१. दोन फेऱ्या कशासाठी, तर एक चाक अडलेलं असताना दुसरं दुप्पट फिरतं, म्हणून दोन फेऱ्यांना क्राऊनची एक. हे करता करताच तुला डिफ्रेन्शियल म्हणजे काय हेही कळेल, पुस्तक नको. तुझा गोळा तुटलेला आहे म्हणून सावकाश फिरव, कुठे कटकट लागली तर ती कितव्या फेरीला लागते तेही बघून ठेव. चाकाच्या दर दोन फेऱ्यांना एकदाच लागली तर क्राऊनचा दात, शाफ्टच्या प्रत्येक फेरीला लागली तर पिनियनचा.

तुझ्या जागी मी असतो तर नवीन सेट टाकला असता. पण एका अटीवर, आणि हे पत्र मी उत्तरासाठी निवडलं ते खरं तर ह्या अटीसाठी. ३८ हजारातला पार्ट कोणीही दुकानातून आणतो, पैसे खरे लागतात सेटिंगला. तुझ्या मेकॅनिकला जाऊन सरळ विचार, डायल गेज (बारीक सैलपणा मोजायचं घड्याळ) आहे का आणि दातांना निळं लावून चेक करणार का. 'एवढी वर्षं हाताच्या अंदाजाने करतोय' असं उत्तर आलं तर त्याच्याकडून क्लच करून घे, ब्रेक करून घे, हे काम नको.

मी हे बोलतोय कारण मी स्वतः ते पाप केलंय. पंचवीस-सव्वीसचा असेन, नवीन गॅरेज, एका दूधवाल्याच्या गाडीचा गोळा केला. सेट नवीन, बेअरिंग नवीन, पण पिनियनच्या दोन बेअरिंगच्या मध्ये जी पातळ नळी असते, स्पेसर, ती जुनीच परत टाकली, दिसायला चांगली होती म्हणून. ती नळी नट आवळताना ठरावीक इतकी दबते आणि बेअरिंगवर योग्य दाब राहतो, एकदा दबली की तिचं काम संपलं. मला हे माहीत नव्हतं असं नाही, माहीत होतं, आळस केला. नवव्या दिवशी दूधवाला परत आला, गाडी ओढत, आणि माझ्या अंगणात कॅन आपटून जे काही बोलला ते इथे छापता येणार नाही. दुसरा सेट माझ्या खिशातून गेला. तेव्हापासून ती नळी आणि पिनियनचा नट नवीनच, दरवेळी. काही गाड्यांत नळीऐवजी पत्र्या, म्हणजे शिम, टाकून दाब ठरवतात, तिथे मग मोजून टाकायच्या, डब्यात ज्या सापडतील त्या नाही.

सेटिंग म्हणजे काय ते थोडक्यात कळलं म्हणजे तुला शेजारी उभं राहून बघता येईल. पिनियन किती खोल बसला, हे त्याच्या मागच्या पत्र्यांवर ठरतं. मग पिनियनच्या बेअरिंगवर दाब, तो पिनियन फिरवायला किती जोर लागतो त्यावरून मोजतात. मग क्राऊन आणि पिनियनमधला प्ले, तो डायल गेजने, साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरमध्ये येतो बहुतेक गाड्यांना, तुझ्या गाडीचा नक्की आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून काढायला सांग. आणि शेवटी क्राऊनच्या चार-पाच दातांना निळं नाहीतर पिवळं मार्किंग पेस्ट लावून, क्राऊनला थोडं अडवून फिरवायचं आणि डाग कुठे उमटतो ते बघायचं. डाग दाताच्या मध्यावर, किंचित आतल्या बारीक टोकाकडे हवा, कारण लोड आला की तो बाहेर सरकतो. दाताच्या बुडाशी उमटला तर पिनियन जास्त आत गेलाय, शेंड्याला उमटला तर कमी. मग परत खोलायचं, पत्री बदलायची, परत बसवायचं, परत निळं. चांगला कारागीर दोन-तीनदा खोलतो आणि त्याला त्याची लाज वाटत नाही. त्या डागाचा मोबाईलवर फोटो काढून ठेव, पुढे भांडण झालं तर तोच तुझा पुरावा.

तुझ्या गाडीचा गोळा समोरून अख्खा बाहेर निघणारा असेल तर तुझं काम सोपं आहे. गाडी गावातच राहू दे, गोळा फक्त पोत्यात बांधून चाकणला नाहीतर निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत ज्याचं रोजचं हेच काम आहे त्याच्याकडे टेबलवर सेट करून आण, आणि गावच्या मेकॅनिककडून बसवून घे. त्याची मजुरीही राहील, त्याचा मानही. मागे नुसतं झाकण असलेला असेल तर काम गाडीखालीच करावं लागतं, मग गाडीच तिकडे न्यावी लागेल. आणि बेअरिंग चारही बदल, दोन पिनियनची, दोन क्राऊनच्या बाजूंची, बाहेरच्या रिंगसकट. 'ही दोन चांगली आहेत' असं कोणी म्हणेल, पण तो सगळा चंदेरी चुरा ह्याच ऑईलमधून सगळ्या बेअरिंगमध्ये फिरून आलाय.

आता तुझं शेवटचं वाक्य. 'त्याचा काही संबंध नसेल.' अरे तोच तर संबंध आहे! तुझ्या पत्रात मला चार गुन्हेगार दिसतायत आणि नवीन सेट टाकण्याआधी चारही धरले नाहीत तर दोन वर्षांनी तू मला हेच पत्र परत पाठवशील.

पहिला, ऑईल. लिटरभरच निघालं म्हणतोस, म्हणजे बाकीचं कुठेतरी गेलंय. पिनियनच्या तोंडाशी ओली, धूळ चिकटलेली काळी मळी दिसते का बघ, तिथलं ऑईल सील गेलेलं असतं. नाहीतर मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये ऑईल उतरत असेल, मग तर ब्रेकही गेले. तुझी गाडी घेतल्यापासून तीन वर्षांत मागच्या गोळ्याचं ऑईल एकदा तरी चेक केलंस का, खरं सांग. मला उत्तर माहितीये, मागचं ऑईल कोणीच चेक करत नाही, इंजिनचं बदललं की सर्व्हिसिंग झाली. बाजूला भरायचा प्लग असतो, गाडी सपाटीला उभी करून तो काढायचा आणि ऑईल भोकाच्या काठापर्यंत आहे का बघायचं, बोटाचं पहिलं पेर आत घालून खाली वाकवलं की ऑईल लागलं पाहिजे. दोन मिनिटांचं काम.

दुसरा गुन्हेगार ओढा. घाटातून आलेली गाडी, गोळा तापलेला, आणि तू गार पाण्यात घातलीस. आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढते. त्यासाठी हाऊसिंगच्या, म्हणजे गोळ्याच्या बाहेरच्या कवचाच्या, वर छोटी टोपी असते, ब्रीदर. पाणी त्याच्या वर असेल तर तिथून पाणी आत, आणि ब्रीदर मातीने बुजलेला असेल तर सीलच्या ओठातून पाणी आत. शिवाय बुजलेल्या ब्रीदरने एरवी तापल्यावर आतला दाब वाढून सीलमधून ऑईल बाहेर फेकलं जातं, म्हणजे तुझ्या पहिल्या गुन्हेगाराचा हा साथीदार. तो ब्रीदर काढून साफ कर, जमलं तर रबरी नळी लावून वर चॅसीपर्यंत ने, पावसात शेतात जाणाऱ्या गाडीला हे करायलाच हवं. आणि पाण्यातून गेलेल्या गाडीचं ऑईल त्याच आठवड्यात बघायचं, दुधाळ दिसलं की बदलायचं.

तिसरा, तो एकटा नवीन टायर. डावा नवा, उजवा झिजलेला. नव्याच्या आणि झिजलेल्याच्या त्रिज्येत सहा-सात मिलिमीटरचा फरक सहज पडतो, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. चाक एका फेरीला सव्वादोन मीटरच्या आसपास जातं, ओतूर ते वाशी दीडशे किलोमीटर धर, म्हणजे पासष्ट-सत्तर हजार फेऱ्या, त्याचे दोन टक्के म्हणजे एका चाकाच्या दुसऱ्यापेक्षा तेराशे फेऱ्या जास्त. आतले छोटे स्पायडर गिअर वळणापुरते फिरायला बनवलेत, तुझे सरळ रस्त्यालाही अखंड फिरतायत. भरपूर ऑईल असतं तर एवढ्याने काही बिघडलं नसतं, पण लिटरभर ऑईलमध्ये त्यांची पिन कोरडी घासली गेली असणार. मागचे टायर जोडीने बदलायचे, परवडत नसेल तर नवीन पुढे घालून मागे सारखे झिजलेले दोन लाव. आणि गोळा खोलला की स्पायडर आणि त्यांची पिन आधी बघ, पिनेला खाच पडली असेल तर तीही बदल.

चौथा, ११० कॅरेट. २० किलोने २२०० किलो टोमॅटो, वर रिकाम्या कॅरेटचं दीडशे-पावणेदोनशे किलो वजन. दीड टनाच्या गाडीत पावणेनऊशे किलो जास्त. मला माहितीये, आळेफाट्यापासून वाशीपर्यंत सगळेच भरतात, आणि कमी भरलं तर शेतकरी दुसऱ्याला माल देतो. डिझेल तेवढंच लागतं, मग जास्त का नको, हा हिशोब मी काय तुला शिकवणार. फक्त त्या हिशोबात हे ३८ हजार आता धर, आणि ओव्हरलोडला २० हजार दंड आणि वर दर जास्तीच्या टनामागे २ हजार हाही धर, २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात तो आकडा आहे. माझं मत विचारशील तर ऐंशीच्या पुढे जाऊ नकोस. तेही जास्तच आहे, पण तू सत्तरवर येणार नाहीस हे मला कळतं.

आणि एक पाचवा, तू लिहिला नाहीस पण असणारच. शेतात चिखलात मागचं एक चाक जागेवर गरगर फिरतं, तू ॲक्सिलेटर दाबतोस, मागून चार जण ढकलतात, चाकाखाली दगड येतो आणि गाडी हिसक्याने उडते. तो हिसका कोणाला बसला? सगळाच्या सगळा त्या चिमुकल्या स्पायडर गिअरांना. चाक फिरायला लागलं की ॲक्सिलेटर सोड, खाली पाचट नाहीतर पोती घाल, मग हळू काढ.

पैशाचं बघू. नवीन सेटसाठी गाडी चार-पाच दिवस उभी राहील, म्हणजे तुझ्या आकड्याने आठ ते अकरा हजाराच्या फेऱ्या बुडाल्या. तेवढे दिवस ओळखीतल्या कोणाची गाडी भाड्याने लाव नाहीतर तुझे शेतकरी मित्राकडे सोपव, कमिशन घे, गिऱ्हाईक तोडू नकोस. हप्त्याची तारीख जवळ असेल तर बाऊन्स होण्याआधी फायनान्सवाल्याला स्वतः फोन कर. वडिलांना एवढंच दाखव की १६ आणि ३८ मधले २२ हजार म्हणजे तुझ्या दहा फेऱ्या, दोन आठवड्यांचं काम. आणि बिल पक्कं घे, सेटचा जोडीचा नंबर त्यावर लिहून घे.

गाडी बाहेर आली की ऑईल जीएल-५ दर्जाचंच, जाडी ८०डब्ल्यू-९० नाहीतर मॅन्युअलमध्ये जे ग्रेड लिहिलंय ते. मेकॅनिकने गिअरबॉक्सचं उरलेलं जीएल-४ टाकलं तर नको म्हण, ह्या गोळ्यात दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घसरतात, त्यांना तो जास्त ताकदीचा ऑईलच लागतो. तो उग्र गंधकाचा वास येतो तोच. पहिले पाचशे किलोमीटर अर्ध्या लोडने, घाट नको, पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून थांब, हाऊसिंग पूर्ण गार होऊ दे, मग पुढे. गरम लागणारच, पण हात क्षणभरही टेकवत नसेल तर परत मेकॅनिककडे. हजार किलोमीटरला ते ऑईल काढून टाक, नवीन भर, महाग वाटलं तरी.

आणि ते तांदळाएवढे दोन तुकडे फेकून दिले नसशील तर काडेपेटीत ठेव. गोळा खोलला की ते कुठल्या दाताचे आहेत ते जुळवून बघ आणि तुटलेल्या जागा मोज. जागा चार आणि तुकडे तीनच निघाले तर चौथा अजून हाऊसिंगच्या नळीत बसलाय, डिझेल मारून, तारेला चुंबक बांधून तो काढल्याशिवाय नवीन सेट आत घालू देऊ नकोस.